कुलूप शाबूत, दारच गायब: ग्रामसंघाच्या संगणकाच्या नोंदी

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. महिला ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचा, एक डेस्कटॉप आहे, २०२१ मध्ये जुनाच घेतलेला. त्याच्या आधीचा लॅपटॉप समाजमंदिरातून चोरीला गेला होता आणि त्यात सव्वाशे बायांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती उघड्या पडल्या होत्या. म्हणून नवीन मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे पासवर्डच्या कुलपात ठेवायचा, शहाणपणा मीच केला. त्यामुळे मशीन बंद पडल्यावर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

एखाद्या गटावर अशीच वेळ आली तर कामी येईल म्हणून रोजच्या रोज लिहीत गेलो. ताईंना मोबाइलवर वाचता यावं म्हणून कमांडही देवनागरीतच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत आणि लहान अक्षरांत करायच्या. लक्सहेडरबॅकअप, लक्सअॅडकी असल्या जोडशब्दांत मात्र लक्सनंतरच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं.

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार

भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. ग्रामसंघाचा हिशेब लिहिणाऱ्या लिपिका ताईंचा पोरगा मोटारसायकलवर सीपीयू मांडीत धरून दुकानात आला, मागोमाग ताई.

"भाऊ, मशीन चालूच होऊन नाही राहिली."

"काऊन?"

"आता मले काय मालूम. यालेच विचारा."

पोराने मान खाली घातली. थोडं-थोडं करून जे बाहेर आलं ते असं. अपडेट करताना "बूटमध्ये जागा नाही" असा संदेश आला. बूट म्हणजे मशीन चालू करणाऱ्या फायलींची जागा. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून त्याने फाईल मॅनेजरमध्ये राइट क्लिक केलं, "ओपन अॅज रूट" (मालकाच्या अधिकाराने उघडा) केलं, बूट फोल्डर उघडलं आणि सगळ्यात जाडजूड फायली उडवल्या. शंभर-शंभर एमबीच्या होत्या, सहा. सगळ्यांचं नाव "इनिटआरडी"पासून सुरू होणारं. मग अपडेट पुन्हा चालू केलं आणि निम्म्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीच्या कितीतरी आधीच मेलेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. मधल्या दिवशी मशीन तालुक्याच्या एका दुकानात जाऊन आलं. तिथे डिस्क काढून विंडोजच्या मशीनला लावली. विंडोजने विचारलं की डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल. दुकानवाला म्हणाला, "मारू का फॉरमॅट? चारशे रुपये." ताईंनी "थांबा" म्हणून मशीन उचललं. तो एक शब्द सगळ्यात स्वस्त पडला. कुलूपबंद डिस्क विंडोजला ओळखता येत नाही, म्हणून तो हा प्रश्न विचारतोच. तिथे "हो" म्हणायचं नसतं.

मी लावून पाहिलं. आधी "इनिटआरडी फाईल नॉट फाउंड, प्रेस एनी की", मग पडदाभर अक्षरं आणि शेवटी "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)".

पासवर्ड विचारलाच नाही. रोग तिथेच कळतो. या मशीनवर पासवर्ड विचारणारा प्रोग्राम त्या इनिटआरडी फाईलमध्ये राहतो आणि ती फाईल कुलपाच्या बाहेर, बूटच्या वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या हिश्श्यावर, असते. पोराने आतलं काहीच उडवलं नव्हतं. किल्ली घालायचं दार तेवढं काढून फेकलं होतं.

जुन्या कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्याने, उठतं का पाहायला ग्रबचा मेनू हवा होता. मशीन चालू होताना कर्नल निवडून देतो तो प्रोग्राम म्हणजे ग्रब. त्यासाठी चालू होताना एस्केप दाबायचं. मी घाईत पाच-सहा वेळा दाबलं आणि थेट "ग्रब>" अशा काळ्या पडद्यावर जाऊन पडलो. आता ग्रबही गेलं म्हणून दहा मिनिटं घाम. एस्केप एकदाच दाबायचं असतं. मेनू आला तेव्हा सहाही कर्नल तपासले, सहाही पॅनिक.

रात्री ताईंना फोन केला. शेवटचा बॅकअप जूनचा. म्हणजे पाच महिन्यांची कर्जवसुली, फिरता निधी, सगळं आतच. वहीत आहे म्हणाल्या, पण वह्या अकरा गटांच्या अकरा घरी.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस सगळ्यात वाईट गेला आणि तोही विनाकारण.

ड्रॉवरमध्ये मिंट १८ चा जुना पेनड्राइव्ह होता. नवीन उतरवायला मोबाइलचा डेटा जाईल म्हणून तोच लावला. पेनड्राइव्हवरून मशीन मस्त उठलं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून एन्क्रिप्टेड पार्टिशन उघडायला गेलो तर उत्तर आलं: "डिव्हाइस /डेव्ह/एसडीए३ इज नॉट अ व्हॅलिड लक्स डिव्हाइस".

लक्स म्हणजे लिनक्सची ही कुलूप-पद्धत. तिचा मथळा, म्हणजे हेडर, पार्टिशनच्या सुरुवातीला असतो आणि खरी किल्ली त्यातच गुंडाळून ठेवलेली असते. हेडर गेलं तर पासवर्ड बरोबर असूनही काही मिळत नाही, जगातला कोणी देऊ शकत नाही. माझ्या डोक्यात एकच आलं की तालुक्याच्या दुकानात कोणीतरी "हो" दाबलंय. ताईंना फोन केला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी तिथे काय झालं ते तीनदा शपथेवर सांगितलं. हे मी उगाच केलं.

जेवलो नाही. दुपारी तीनच्या सुमारास सहज एलएसबीएलके -एफ (डिस्कचे हिस्से दाखवणारी कमांड) चालवलं, तर त्याच एसडीए३ समोर "क्रिप्टो_लक्स" असं ठळक लिहिलेलं. एक हत्यार म्हणतं लक्स नाही, दुसरं म्हणतं आहे. दोघांतलं एक खोटं बोलतंय. मग डिस्कचे पहिले सोळा बाइट उघडे करून पाहिले: सुडो हेक्सडंप -सी (हे मोठं सी) -एन १६ /डेव्ह/एसडीए३. आकडे आले, त्यातले पहिले आठ:

४सी ५५ ४बी ५३ बीए बीई ०० ०२

पहिल्या चार बाइटांचा अर्थ एल, यू, के, एस. पुढचे दोन लक्सची ठरलेली खूण. आणि शेवटी ०० ०२, म्हणजे लक्सची दुसरी आवृत्ती. हेडर जागच्या जागी होतं. माझा पेनड्राइव्हच म्हातारा होता: मिंट १८ मधल्या क्रिप्टसेटअपला, म्हणजे हे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामला, लक्स-दोन ठाऊकच नाही, म्हणून त्याने "व्हॅलिड नाही" म्हणून हात वर केले.

मोबाइलचा डेटा वाचवायच्या नादात एक पूर्ण दिवस गेला. ताईंना परत फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ, पण आता जेवा."

१९ नोव्हेंबर, रविवार

मिंट २१ उतरवायचं, साधारण तीन जीबी. नेमकी आज अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. गावातला प्रत्येक मोबाइल मॅचला चिकटलेला, नेटवर्क गुडघे टेकून. ब्राउझरने दोन जीबीच्या जवळ येऊन दम तोडला आणि पुन्हा शून्यापासून सुरू केलं. मग टर्मिनलमधून डब्ल्यूगेट -सी लावलं. ते तुटलं की तिथूनच पुढे उचलतं. जादा डेटाचं पॅक दोनदा मारावं लागलं, १२२ रुपये.

इकडे ट्रॅव्हिस हेड थांबायचं नाव घेईना, तिकडे फाईल ८० टक्क्यांवर. मॅच हरलो, फाईल उतरली. शा-२५६ ची बेरीज (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहिली, जुळली. ही पायरी गाळू नका. अर्धवट फाईलचा पेनड्राइव्ह उठतो आणि मध्येच दगा देतो.

२० नोव्हेंबर, सोमवार

नव्या पेनड्राइव्हने हेडर लगेच ओळखलं. पासवर्ड घालायच्या आधी डिस्कची तब्येत पाहिली: स्मार्टसीटीएल -ए. ३१ हजार तास चाललेली डिस्क. "रीअलोकेटेड" शून्य, पण "करंट पेंडिंग सेक्टर" ८. म्हणजे आठ सेक्टर, डिस्कवरचे बारीक कप्पे, वाचताना डिस्क अडखळत होती. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नाहीत. आधी तिची जशीच्या तशी नक्कल.

नकलेच्याही आधी हेडर बाजूला काढलं. याला पासवर्ड लागत नाही: सुडो क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एसडीए३, पुढे --हेडर-बॅकअप-फाईल आणि फाईलचं नाव. सोळा एमबीची फाईल होते. दोन पेनड्राइव्हवर ठेवली. आता मुख्य दरवाजा ढासळला तरी चौकट हाती राहिली.

नकलेसाठी मोठी डिस्क हवी. यवतमाळला जायचं ठरलं. मी दुकान बंद करायला निघालो तर ताई म्हणाल्या, "मी जाते ना. मले अर्धं तिकीट." मार्चपासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून ग्रामसंघाची यवतमाळची सगळी कामं ताईच करतात. एक टीबीची बाहेरून लावायची डिस्क, ४,१०० रुपये. पक्कं बिल घेऊन आल्या.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

डीडीरेस्क्यू लावलं. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. साध्या कॉपीसारखं ते खराब जागेवर अडून बसत नाही. ती जागा टिपून ठेवतं, बाकीचं आधी उचलतं आणि मग परत येतं. हे टिपण मॅप फाईलमध्ये असतं. लाइट गेली तरी मॅप फाईल असली की पुढून सुरू करता येतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी मॅप फाईल पेनड्राइव्हवरून चाललेल्या मिंटच्या होम फोल्डरमध्ये ठेवली. ते होम फोल्डर रॅममध्ये असतं. दोन तास चाळीस मिनिटांनी, ६१ टक्के झालेले असताना, लाइट गेली. मशीन बंद, रॅम रिकामी, मॅप गायब.

पोरगा बाजूलाच बसला होता. म्हणाला, "दादा, तुमच्याही हातून होते का?" काय बोलणार.

दुसरी चूकही त्याच वेळी सापडली. वेग सेकंदाला ३३ एमबीच का, म्हणून पाहिलं तर बाहेरची डिस्क मी समोरच्या यूएसबी दोनच्या पोर्टात लावली होती. मागे निळा पोर्ट रिकामा.

२२ नोव्हेंबर, बुधवार

घरचा इन्व्हर्टर दुकानात आणला. घरी अंधार नको म्हणून बायकोला माहेरी... नाही, एवढं नाही. कंदील काढला. बाहेरची डिस्क मागच्या निळ्या पोर्टात, मॅप फाईलही त्याच डिस्कवर. आधी -एन लावून सोपा भाग, मग -डी -आर३ लावून खराब जागेवर तीन फेऱ्या. पावणेदोन तासांत काम झालं. शेवटी न वाचलेला भाग: ४०९६ बाइट. आठ सेक्टर, अगदी स्मार्टने सांगितले तेवढेच. मॅप फाईलमधला पत्ता पाहिला तर डिस्कच्या शेवटाकडे, जिथे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची तात्पुरती जागा) असतं तिथे. नशीब म्हणायचं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

कार्तिकी एकादशी. ताई साबुदाण्याची उसळ घेऊन पासवर्ड टाकायला आल्या. पासवर्ड त्यांना आणि मलाच माहीत.

मी टाकला. "नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज." परत टाकला. तेच. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद विचार करून नाही म्हणतं. कॅप्स लॉक पाहिलं, नम लॉक पाहिलं. टर्मिनलमध्ये टाइप करताना चांदण्याही दिसत नाहीत, त्यामुळे बोट कुठे घसरलं ते कळत नाही. ताई म्हणाल्या, "सारखं-सारखं चुकवलं तर कायमचं लॉक होईल ना, एटीएमसारखं?" नाही. लक्सला तशी मोजणी नाही, हजारदा चुकवा.

मग ताई बसल्या. अडीच वर्षं रोज सकाळी तोच पासवर्ड टाकणारी बोटं. न पाहता खटाखट टाकला. नाही उघडलं. इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण बोटं खोटं बोलत नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "एकदा सावकाश, उघड्या पानावर टाइप करा." टेक्स्ट एडिटर उघडून दिला. पासवर्डात एक खूण होती, दोनच्या बटणावर शिफ्ट धरून येणारी, ॲट द रेट. पडद्यावर तीच आली. सगळं बरोबर. आणि तेवढ्यात मला २०२१ चा एक दिवस आठवला. मशीन नवीन लावलं तेव्हा ताईंची तक्रार होती की ईमेल टाइप करताना ॲट द रेटच्या जागी दुहेरी अवतरण येतं. इन्स्टॉल करताना भाषा "इंग्लिश, यूके" निवडली गेली होती, त्यामुळे कीबोर्डही ब्रिटिश झाला. ब्रिटिश कीबोर्डवर शिफ्ट आणि दोन दाबलं की दुहेरी अवतरण येतं. बटणावर छापलेलं काहीही असो. मी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड बदलून दिला आणि विसरून गेलो. पण तो बदल फक्त डेस्कटॉपपुरता होता. सकाळी पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर अडीच वर्षं ब्रिटिश कीबोर्डच चालू राहिला.

म्हणजे ताईंना वाटत होतं पासवर्डात ॲट द रेट आहे. मलाही. डिस्कला मात्र पहिल्या दिवसापासून दुहेरी अवतरणच ठाऊक. पेनड्राइव्हच्या मिंटमध्ये कीबोर्ड अमेरिकन, म्हणून बोटं तीच आणि अक्षर वेगळं.

कीबोर्ड ब्रिटिश करणारी कमांड दिली: सेटएक्सकेबीमॅप जीबी. एंटर. "ताई, आता टाका." टाकला. चार सेकंद. काही न बोलता पुढची ओळ आली. क्रिप्टसेटअप उघडलं की शाबासकी देत नाही, नुसतं गप्प बसतं.

ताई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, "झालं." "मग एवढे दिवस मी टाकत काय होती?"

रूट, म्हणजे कुलपाच्या आतला मुख्य भाग, फक्त वाचण्यापुरतं माउंट करून (जोडून) ग्रामसंघाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं, वसुलीच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या. ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या होत्या. यानंतर मशीन उठलं नाही तरी कोणाचं काही जाणार नव्हतं. उसळ गार झाली होती, तरी खाल्ली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता गेलेलं दार परत बसवायचं. रीत ठरलेली आहे: कुलूप उघडायचं, आतलं रूट एमएनटीवर माउंट करायचं, त्यात बूट आणि ईएफआय आपापल्या जागी माउंट करायचे, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन (चालू मशीनला लागणारे फोल्डर) बांधून द्यायचे आणि सीएचरूट करून आत शिरायचं. आत गेल्यावर आपण त्या मशीनमध्येच बसून काम करतोय असं होतं.

बूट माउंट करायला मी विसरलोच होतो. आत जाऊन एलएस /बूट केलं तर फोल्डर रिकामं, तेव्हा उजेड पडला. तसंच पुढे गेलो असतो तर नवी फाईल कुलपाच्या आत तयार झाली असती, म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद.

आत डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवून अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण केलं. सहा कर्नलांतले जुने चार अॅप्ट पर्ज करून काढले. बूट पार्टिशन जेमतेम सातशे एमबीचं, तिथे सहा जणांची पंगत बसवली तर जागा संपणारच. फाईल हाताने उडवायची नसते, पॅकेज काढायचं असतं. पोराला हे तिथेच करून दाखवलं. मग इनिटआरडी बनवणारी कमांड, अपडेट-इनिटरॅमएफएस. आधी -यू देऊन पाहिलं, पण तो असलेली फाईल ताजी करतो आणि इथे फाईलच नव्हती. -सी -के ऑल दिलं, नवीन बनल्या. अपडेट-ग्रब. बाहेर आलो, पेनड्राइव्ह काढला, चालू केलं.

या वेळी पॅनिक नाही. पासवर्डही विचारला नाही. अर्धा मिनिट थांबून "गेव्ह अप वेटिंग", मग "/डेव्ह/मॅपर/व्हीजीमिंट-रूट डझ नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल" आणि खाली कंसात "इनिटरॅमएफएस". तिथे क्रिप्टसेटअप टाइप केलं तर "नॉट फाउंड". नवीन दार बसवलं, पण त्याला किल्लीचं भोकच नाही.

रात्री अकरापर्यंत कारण सापडलं नाही. झोपलो.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी तीच पायरी पुन्हा केली, पण या वेळी पडद्यावरची एकेक ओळ वाचली. ढिगात एक ओळ होती: "क्रिप्टसेटअप: वॉर्निंग: टार्गेट 'डिस्क' नॉट फाउंड इन /ईटीसी/क्रिप्टटॅब". काल ही आली होती आणि मी वॉर्निंगच आहे म्हणून सोडून दिली होती.

कुलूप उघडताना त्याला एक नाव द्यावं लागतं. मी मनाने "डिस्क" दिलं होतं. मशीनच्या क्रिप्टटॅब फाईलमध्ये मात्र नाव "एसडीए३_क्रिप्ट" आहे. इनिटआरडी बनवणारा प्रोग्राम उघडलेल्या कुलपाचं नाव त्या यादीत शोधतो. तिथे सापडलं नाही की त्याला वाटतं या डिस्कला कुलपाची गरजच नाही, आणि पासवर्ड विचारायचं सामान आत ठेवतच नाही. नाव अक्षरन् अक्षर तेच द्यायचं, एवढीच गोष्ट.

मग सगळं उतरवलं: अनमाउंट, व्हीजीचेंज -ए एन, क्रिप्टसेटअप क्लोज. पुन्हा उघडलं: सुडो क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एसडीए३ एसडीए३_क्रिप्ट. पुन्हा माउंट, पुन्हा सीएचरूट, पुन्हा इनिटआरडी. वॉर्निंग नाही. बाहेर येण्याआधी एलएसइनिटरॅमएफएसने नव्या फाईलमध्ये डोकावून क्रिप्टसेटअप आहे का पाहिलं. आहे. कालच हे पाहिलं असतं तर रात्र वाचली असती.

चालू केलं. मिंटचा हिरवा लोगो आणि खाली पासवर्डची चौकट. ताईंना बोलावून आणायला पोरगा पळाला. तोवर मी हात लावला नाही. ताईंनी सवयीने शिफ्ट धरून दोन दाबलं आणि मशीन उठलं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

डिस्क अडखळणारी, तिच्यावर ग्रामसंघ सोडायचा नाही. यवतमाळहून मी स्वतः एसएसडी आणली, ४८० जीबी, २,४०० रुपये. जुनी डिस्क ५०० ची. डोक्यात होतं, वीस जीबीने काय फरक पडतो, भरलेली तर साठच जीबी आहे. पण जशीच्या तशी नक्कल करायची तर रिकामी जागाही मोजावी लागते. आणि कुलूपबंद डिस्कवर रिकामं कुठे, भरलेलं कुठे, हे बाहेरून दिसत नाही. आतलं सगळं आवळून पार्टिशन लहान करता येतं, पण फाईल सिस्टिम, मग एलव्हीएम (कुलपाच्या आतल्या जागेची वाटणी), मग लक्स, मग पार्टिशन अशा चार थरांत. त्या वाटेला मी गेलो नाही. ताई पुन्हा अर्ध्या तिकिटात यवतमाळला, ३५० रुपये वर देऊन ५१२ ची बदलून आणली. दुकानदाराने कुरकुर न करता घेतली.

२ डिसेंबर, शनिवार

दोन्ही डिस्क आत लावून पेनड्राइव्हवरून उठलो, डीडीरेस्क्यूने जुनीवरून नवीवर. कोणती एसडीए आणि कोणती एसडीबी हे क्षमता पाहून तीनदा ताडून घेतलं. इथे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर चढते. पोराला वाचायला लावलं, मी टाइप केलं.

झाल्यावर मशीन सुरू करण्याआधी जुनी डिस्क काढून ठेवली. दोघींचे यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, एकच, सोबत लावल्या तर मशीन कोणतीला खरी मानेल सांगता येत नाही. नवीवरून पहिल्याच झटक्यात उठलं. आधी पासवर्डच्या चौकटीला दीड मिनिट लागायचं, आता वीस सेकंद.

१० डिसेंबर, रविवार

ग्रामसंघाची बैठक समाजमंदिरात. खर्च वाचून दाखवला: बाहेरची डिस्क ४,१००, एसएसडी २,७५०, यूपीएसची बॅटरी १,०५०, डेटा १२२, एसटी २७५. एकूण ८,२९७. माझी मजुरी लावली नाही, अर्धे दिवस माझ्याच चुकांत गेले होते. यूपीएसच्या बॅटरीवर एका बाईने विचारलं, हीच बॅटरी मे महिन्यात का नाही घेतली? खरं उत्तर असं की तेव्हा १,०५० रुपये जास्त वाटले.

दुसरी किल्ली घातली आहे: क्रिप्टसेटअप लक्सअॅडकी. हा पासवर्ड फक्त अक्षरांचा, एकही खूण नाही आणि अमेरिकन व ब्रिटिश दोन्ही कीबोर्डवर सारखीच येणारी अक्षरं. जुना चालूच आहे. दोन्हींपैकी कोणताही चालतो. कागदावर लिहून, पाकीट चिकटवून ग्रामसंघाच्या लोखंडी पेटीत ठेवला. पेटी अध्यक्ष ताईंकडे, पेटीची किल्ली कोषाध्यक्ष ताईंकडे. हेडरची सोळा एमबीची फाईल मात्र पेटीत नाही, ती माझ्याकडे.

बॅकअप दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी, बाहेरच्या डिस्कवर, जी स्वतःही एन्क्रिप्ट केली आहे. ते करणार पोरगा. बूटमध्ये किती जागा उरली तेही तोच पाहणार. मॉनिटरच्या कडेला त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे: "डीएफ -एच /बूट. ८० च्या वर गेलं की दादाले फोन."

बैठक संपताना ताईंनी मला थांबवून विचारलं, सकाळच्या पडद्यावरचा कीबोर्ड आता नीट करून देऊ का असं मी म्हणत होतो त्याचं काय. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. बोटाले सवय झाली."